पीएस५ घ्यायचा की क्लाउडवरच खेळायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी पत्रं मागवली होती गेमिंगवर, आणि आली ती बहुतेक सगळी एकाच विषयाची, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. ज्यांना क्लाउड गेमिंग ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर येतो तो त्याचा लाइव्ह व्हिडिओ, आणि तुम्ही दाबलेली बटणं इंटरनेटवरून तिकडे जातात. म्हणजे घरात कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, जसं सोनीचा प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५ किंवा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स) नको, तगडा पीसी नको, फक्त कंट्रोलर आणि नेट. ऐकायला झकासच आहे. आता पत्रांकडे वळू.

नमस्कार. मुलाची बारावी झाली, मार्कही चांगले पडले, आणि कबूल केल्याप्रमाणे आता तो पीएस५ मागतोय. दुकानदार डिस्कवाल्या मॉडेलचे ५५ हजार सांगतो. पण पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो, काका कशाला पैसे घालवताय, दोन-तीन वर्षांत कन्सोल हा प्रकारच राहणार नाही, महिन्याचे पैसे भरा आणि टीव्हीवर खेळू दे त्याला. कोणाचं ऐकू?
— एक वडील, सांगली

मुलाचं ऐका. पुतण्या अगदीच चुकीचं बोलतोय असं नाही, पण त्याचं हे "दोन-तीन वर्षांत" गेली पंधरा वर्षं चालू आहे. अमेरिकेत जून २०१० मध्ये ऑनलाइव्ह नावाची सर्व्हिस आली होती, तेव्हाही लोक हेच म्हणत होते, बातम्याही तशाच छापून येत होत्या, की आता सोनी-मायक्रोसॉफ्टचं काही खरं नाही. २०१२ मध्ये त्या कंपनीने बहुतेक लोकांना घरी बसवलं, आणि ३० एप्रिल २०१५ ला दुकान बंद. तिची पेटंट्स कोणी विकत घेतली? सोनीने. गाइकाई म्हणून दुसरी तशीच कंपनी होती, ती तर सोनीने २०१२ मध्येच ३८ कोटी डॉलरला घेऊन टाकली होती. म्हणजे ज्यांच्यामुळे प्लेस्टेशन संपणार होतं तेच प्लेस्टेशनच्या घरात जाऊन बसले.

मग आलं गुगल. स्टेडिया, १९ नोव्हेंबर २०१९. आता गुगलकडे पैसा नाही, सर्व्हर नाहीत, इंजिनियर नाहीत असं कोणी म्हणणार नाही ना, आणि खरं सांगायचं तर तंत्र वाईट नव्हतंच, चांगलं नेट असलेल्या माणसाकडे ते व्यवस्थित चालायचं. अडलं दुसरीकडेच. स्टेडियावर गेम पूर्ण किंमत देऊन वेगळा विकत घ्यायचा आणि तो फक्त स्टेडियावरच चालणार, मग लोकांनी विचार केला की गुगलने उद्या हे गुंडाळलं तर? गुगलची गुंडाळायची ख्याती सगळ्यांना ठाऊक. त्या भीतीने लोक घेईनात, लोक घेईनात म्हणून गेम बनवणारे येईनात, फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने स्वतःचे गेम स्टुडिओही बंद केले, आणि १८ जानेवारी २०२३ ला खरंच गुंडाळलं. एक मान्य करावं लागेल, गुगलच्या स्टोअरमधून घेतलेल्या कंट्रोलरचे आणि गेमचे पैसे त्यांनी परत केले, आणि त्या कंट्रोलरला ब्लूटूथ चालू करून दिलं म्हणजे तो तरी वाया जाऊ नये.

आणि याच सगळ्या काळात "मरणारा" कन्सोल काय करत होता ते बघा. पीएस५ च्या विक्रीचा आकडा २०२५ मध्ये ८ कोटींच्या वर गेला, निन्टेन्डो कंपनीचा स्विच हा कन्सोल १५ कोटींच्या पुढे, आणि ५ जून २०२५ ला स्विच २ आला तर पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले. मरणाऱ्याची लक्षणं ही नव्हेत.

यामागे साधं गणित आहे, पुतण्याला आयटीतला म्हणून पटेल. नेटफ्लिक्सचा एक सिनेमा हजार लोकांनी बघितला तर तीच फाइल हजार ठिकाणी पाठवायची असते. गेमचं तसं नाही, प्रत्येक खेळणाऱ्याचा गेम वेगळा चालू असतो, त्याच्यासाठी तिकडे वेगळा ग्राफिक्स चिप लागतो किंवा त्याचा हिस्सा तरी, आणि तो वापरला जात असेपर्यंत दुसऱ्याला देता येत नाही. बरं, लोक खेळतात कधी? सगळे एकाच वेळी, रात्री जेवणं झाल्यावर. म्हणजे रात्री नऊच्या गर्दीला पुरतील इतकी मशिनं घ्यायची आणि सकाळी ती बसून राहणार. सध्या सगळ्यात चांगली समजली जाणारी क्लाउड सर्व्हिस म्हणजे एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ, जी कंपनी हे चिप स्वतःच बनवते ती, आणि तिनेही पैसे भरणाऱ्यांना महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली आहे. फुकटवाल्यांना रांग, आणि नंबर लागला की एक तास. आता तर त्याच चिपसाठी एआयवाले बाहेर उभे आहेत.

कन्सोलमध्ये मात्र हा सगळा खर्च कोणी उचलला? तुम्ही. मशीन तुमचं, वीज तुमची, जागा तुमच्या टीव्हीखालची. कंपनीला आणखी काय पाहिजे! ती फक्त तिच्या स्टोअरवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण ३० टक्के घेत बसते. असा धंदा कोण हातचा घालवेल.

आता तुमच्या खिशाचं बघू. भारतात सोनीच्या प्लेस्टेशन प्लस या सबस्क्रिप्शनचा सगळ्यात वरचा प्लॅन डिलक्स आहे आणि त्यात क्लाउड स्ट्रीमिंग नाहीये, बाहेरच्या देशात प्रीमियम मिळतो त्यात आहे. त्यामुळे आपल्याकडे पुतण्याच्या योजनेचा अर्थ मुख्यतः एक्सबॉक्स गेम पास, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं तसंच सबस्क्रिप्शन, ज्याचं क्लाउड भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये चालू झालं. ऑक्टोबर २०२५ च्या बदलानंतर त्याचे दर महिन्याला ४९९, ६९९ आणि १,३८९ असे झाले. त्या दराने वरचा घेतलात तर तीन वर्षांचे झाले ५० हजार, आणि तीन वर्षांनी हातात काय? काही नाही. पण त्यात शेकडो गेम येतात, उलट पीएस५ चा एक नवा गेम ५ हजारापर्यंत जातो, हेही धरा, नाहीतर मी कन्सोल कंपनीचा एजंट वाटायचो. खालच्या ४९९ च्या प्लॅनने तीन वर्षांत १८ हजार होतात, गेम कमी. ज्याला सगळंच थोडं थोडं चाखायचंय त्याला तो बरा पडतो.

पण तुमच्या मुलाला काय खेळायचंय ते विचारलंत का? माझा अंदाज आहे जीटीए ६. रॉकस्टार कंपनीने त्या गेमची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ अशी जाहीर केली आणि सोबत दोनच नावं दिली, पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज. पोराचं डोकं तिथेच आहे बघा. शब्द दिलाय तर घेऊन टाका, फक्त डिस्कवालंच घ्या, का ते पुढे एका पत्रात येतंय.

दादा, माझ्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टला ९५ च्या खाली कधी येत नाही. तरी क्लाउडवर गेम खेळताना मध्येच चित्र भुरकट होतं आणि बटण दाबलं की माणूस उशिरा उडी मारतो. केबलवाला म्हणतो स्पीड वाढवून घे, २०० चा प्लॅन घे. घेऊ का?
— इंजिनियरिंगचा विद्यार्थी, नागपूर

अजिबात घेऊ नकोस. केबलवाल्याला त्याचं टार्गेट आहे, तुझा प्रॉब्लेम वेगळा आहे.

क्लाउड गेमला १० ते २० एमबीपीएस बास होतात, ४के पाहिजे असेल तर ३५-४० धर. तुझ्याकडे १०० आहेत. स्पीड टेस्ट सांगते दहा-पंधरा सेकंदांत मिळून किती डेटा आला. गेमला हवं असतं ते नियमितपणा, म्हणजे दर सेकंदाला ६० चित्रं, प्रत्येक चित्राला साधारण १७ मिलिसेकंद, आणि त्यातलं एक जरी मागे राहिलं की डोळ्याला कळतं. रोज वीस मिनिटं उशिरा येणारी एसटी परवडते रे, माणूस त्या हिशोबाने घरातून निघतो, पण कधी पाच मिनिटं आधी आणि कधी पाऊण तास उशिरा येणारी नाही परवडत. नेटच्या या लहरीपणाला जिटर म्हणतात आणि तुझा आजार तोच दिसतोय.

अंतराचं म्हणशील तर तेही बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नागपूर मुंबईपासून लांब म्हणून असं होतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई केबलच्या वळणावळणाने ८००-९०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन झाले नऊ मिलिसेकंद. म्हणजे अर्ध्या चित्राइतकाच वेळ. प्रत्यक्षात मधली यंत्रं आणि वळसे धरून ते पंचवीस-तीस होईल, तेही चालतं. घरच्या कन्सोलवरसुद्धा बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत साधारण पन्नास ते शंभर मिलिसेकंद जातातच, तिथे आपल्याला कधी जाणवत नाही. सर्व्हर सिंगापूरला असला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये बघ तुला कुठल्या सर्व्हरला जोडलंय.

आता करून बघ. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघड आणि बाहेर कुठे नको, घरच्या राउटरलाच पिंग लाव, म्हणजे ping -t लिहून पुढे राउटरचा पत्ता टाक, बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो नाहीतर राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो. पाच मिनिटं चालू ठेव. एक, दोन, तीन मिलिसेकंद असं येत राहिलं तर वायफाय ठीक. आणि दोन, दोन, ऐंशी, तीन, एकशे चाळीस, दोन असं आलं, तर तुझा गेम मुंबईला पोचायच्या आधी तुझ्याच हॉलमध्ये अडकतोय. बहुतेक घरांत हेच निघतं. राउटर दाराजवळ, जिथे केबलवाल्याने वायर सोडली तिथे, तू आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट, शिवाय मोबाइल जोडलाय २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला ज्यावर बिल्डिंगमधली वीस घरं आणि मायक्रोवेव्ह पण आहे. ५ गिगाहर्ट्झवर ये, त्याहून चांगलं म्हणजे लॅन केबल टाक, दोन-तीनशे रुपयांत येते, आईला भिंतीकडेने वायर चालणार असेल तर.

राउटरपर्यंत सगळं छान असेल आणि पुढेच बोंब असेल, तर एक गोष्ट बघ, तुझ्या खेळायच्या वेळी घरात कोणाचा फोन फोटोंचा बॅकअप घेतोय का. अपलोड भरलं की तुझी बटणं त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी राहतात. आणि टीव्हीवर खेळत असशील तर टीव्हीचा गेम मोड चालू कर, काही टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात पन्नास ते शंभर मिलिसेकंद स्वतःच खातात, आणि शिव्या बिचाऱ्या नेटला.

चित्र भुरकट होतं ते कॉम्प्रेशनमुळे. नेट जरा दबलं की सर्व्हर लगेच क्वालिटी कमी करतो, पाऊस, गवत, अंधारी गुहा असलं काही असेल तर चौकोन चौकोन दिसायला लागतात. ते चांगल्या नेटवरही थोडं राहतंच. शब्दकोडी, स्ट्रॅटेजी, गोष्टीचे गेम यांना काही फरक पडत नाही, पण टेकनसारखी मारामारी किंवा शूटिंगमध्ये ज्याला खरंच जिंकायचंय तो माणूस क्लाउडवर सुखी होणार नाही, हे माझं मत आजही आहे आणि पाच वर्षांनी बदललं तर मला आनंदच होईल.

हॉस्टेलवर वायफाय नावालाच आहे. मोबाइलच्या ५जीवर क्लाउड गेमिंग चालेल का? रोजचा २ जीबीचा पॅक आहे.
— एक मुलगी, छत्रपती संभाजीनगर

२ जीबी? तेरा मिनिटं. २० एमबीपीएसने तासाला ९ जीबी जातात, क्वालिटी अर्धी केलीस तरी साडेचार. तुझ्या प्लॅनमध्ये अमर्यादित ५जी येत असेल आणि खोलीत ५जी खरोखर येत असेल, गॅलरीत जाऊन उभं न राहता, तर ट्राय कर, जिओ आणि व्हीआयने स्वतःही क्लाउड गेमचे प्रकार काढलेत. पण मोबाइल नेटवर मगाशी सांगितलेला लहरीपणा जास्त असतो. आणि मोबाइलवरच खेळायचंय तर फोनमध्येच चालणारे इतके गेम आहेत की क्लाउडची गरज काय, भारतात बहुतेक लोक तेच करतात. कन्सोलवाले आणि क्लाउडवाले भारतात एकमेकांशी भांडण्याआधी दोघांनाही बीजीएमआयशी, म्हणजे मोबाइलवरच्या बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाशी, भांडायचंय.

आम्ही लंडनजवळ राहतो, घरात एक्सबॉक्स सिरीज एक्स आहे. मुलांना सवय झालीय. पण मायक्रोसॉफ्टच्या जाहिरातीत आता टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल सगळ्यालाच एक्सबॉक्स म्हणतात. कन्सोल बंद करायचा विचार आहे का यांचा?
— एक वाचक, इंग्लंड

तुमचा प्रश्न सगळ्यात रास्त आहे, कारण क्लाउडमुळे एखाद्या कन्सोलला धोका असेलच तर तो तुमच्या एक्सबॉक्सला आहे, आणि तोही बाहेरून कोणी आणलेला नाही, मालकानेच आणलाय.

ती "धिस इज अॅन एक्सबॉक्स" जाहिरात नोव्हेंबर २०२४ ची. त्याच्या आधीच २०२२ पासून सॅमसंगच्या नव्या टीव्हींवर एक्सबॉक्सचं अॅप थेट यायला लागलं होतं, २०२४ मध्ये अॅमेझॉनच्या फायर स्टिकवर आलं. आता ग्राहकाने काय समजायचं? कंपनीची जाहिरातच सांगते की डबा घेतला नाही तरी चालेल, मग लोकांनी तिचं ऐकलं की विक्री का पडली म्हणून मीटिंगा घ्यायच्या. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेत सिरीज एक्सची किंमत दोनदा वाढवली, ५०० डॉलरचं मशीन ६५० वर नेलं. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, आपण दोन वर्षं थांबून घ्यायचो, आता थांबणाऱ्यालाच दंड. सोनीनेही तेच केलं, भारतात पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि पुढच्या वर्षी ५४,९९० झाला. मला विचाराल तर कन्सोलला क्लाउडपेक्षा जास्त भीती या किमतींची आहे. ८०-९० हजाराचा कन्सोल झाला तर लोक क्लाउडवर आनंदाने जाणार नाहीत, नाइलाजाने जातील, पण जातील.

आणि तुम्ही ब्रिटनमध्ये राहता तर एक गंमत आठवत असेल. मायक्रोसॉफ्ट अॅक्टिव्हिजन, म्हणजे कॉल ऑफ ड्यूटी हा गेम काढणारी कंपनी, विकत घेत होतं, सुमारे ६९ अब्ज डॉलरला, तेव्हा सोनी ओरडत होती की कॉल ऑफ ड्यूटी आमच्या कन्सोलवरून जाईल. तुमच्याकडच्या स्पर्धा नियामकाने, सीएमएने, कन्सोलचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल २०२३ मध्ये सौदा अडवला तो क्लाउडच्या नावाखाली, की भविष्यातला हा बाजार एकाच कंपनीच्या ताब्यात जाईल. शेवटी अॅक्टिव्हिजनच्या पुढच्या १५ वर्षांच्या गेमचे क्लाउड हक्क युबीसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला विकावे लागले, तेव्हा १३ ऑक्टोबर २०२३ ला सौदा झाला. म्हणजे सरकारी माणसांनाही वाटतं की क्लाउड पुढे मोठं होणार आहे. मलाही वाटतं. फक्त मोठं होणं आणि दुसऱ्याला संपवणं हे एकच धरायचं कारण नाही.

तुमचं मशीन चालतंय तोवर चालवा. गेम पास अल्टिमेट, म्हणजे त्यातला सगळ्यात वरचा प्लॅन, मात्र दर महिन्याला आपोआप कापला जातोय का बघा, अमेरिकेत तो २०२० मध्ये १५ डॉलर होता आणि ऑक्टोबर २०२५ ला ३० झाला, तुमच्याकडेही तेव्हा वाढला होताच. मुलं त्यातले खरोखर किती गेम खेळतात, एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. दोनच खेळत असतील तर ते दोन विकत घेणं स्वस्त.

माझं गेम पार्लर आहे, पीएस४ आणि दोन पीएस५, तासावर देतो. सेकंडहँड डिस्क घेऊन धंदा चालतो. सगळं क्लाउडवर गेलं तर मी काय करायचं? पोरं घरीच टीव्हीवर खेळतील.
— एक पार्लरवाले, इचलकरंजी

पोरं घरी खेळायला लागतील ही काळजी थोडी बाजूला ठेवा, तुमच्याकडे पोरं येतात ती शेजारी बसून एकमेकांना हरवायला आणि हरलेल्याची खेचायला. दोघंतिघं खांद्याला खांदा लावून फुटबॉल खेळतात तेव्हा क्लाउडचा तो अर्धा श्वास उशीर चालत नाही, लगेच "माझं बटण लागलंच नाही" सुरू होतं आणि भांडण तुमच्या काउंटरवर येतं. आणखी एक, हे गेम पास, प्लेस्टेशन प्लस वगैरे घरगुती वापरासाठी असतात, पार्लरमध्ये लावायच्या भानगडीत पडू नका.

तुमची खरी काळजी डिस्कची आहे आणि ती बरोबर आहे. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण क्लाउड येणार, कन्सोल जाणार या वादात हे मागे पडतं.

डिस्क म्हणजे काय, तर लॅमिंग्टन रोडवर, तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन जाऊन ५ हजाराचा गेम दीड-दोन हजारात घ्यायचा, संपवायचा, पुन्हा विकायचा. मित्राला द्यायचा, मित्राने ओरखडे पाडून परत आणायचा. भारतात मध्यमवर्गीय घरात कन्सोल परवडला तो या फिरत्या डिस्कांमुळे. कंपनीला यातून दुसऱ्यांदा एक रुपया मिळत नाही, म्हणून तिला हे बंद व्हायला हवंच आहे. आणि बघा, क्लाउडची वाट न बघता ते चालूही झालं. पीएस५ चं डिजिटल मॉडेल, एक्सबॉक्स सिरीज एस, यांना डिस्कची फटच नाही. पीएस५ प्रो काढला त्यातही ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा. स्विच २ चे बरेच गेम दुकानात डबीत मिळतात, डबीत कार्डही असतं, पण त्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते, गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. ते कार्ड निदान दुसऱ्याला विकता तरी येतं, हे त्यातल्या त्यात.

म्हणजे कन्सोल घरात असूनही गेम तुमचा नाही अशी वेळ आलीये. आणि डिस्क असली म्हणजे सगळं झालं असंही नाही हो. युबीसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ चा, लोकांकडे डिस्क होत्या, पण गेमला सतत सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केला आणि डिस्कची चकती झाली. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत म्हटलं होतं की गेम आपल्या मालकीचा नसण्याची लोकांना सवय व्हायला हवी. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२५ पासून लागू, की डिजिटल गेम विकताना तुम्हाला फक्त लायसन्स मिळतंय हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे असं काही नाही.

क्लाउड ही याच रस्त्यावरची पुढची पायरी. तिथे डिस्क नाही, डाउनलोड नाही, तुमच्याकडे काहीच नाही. २०२० मध्ये जीफोर्स नाऊ अधिकृतपणे चालू झालं आणि त्याच महिन्यात अॅक्टिव्हिजनने आपले गेम काढून घेतले, लोकांनी ते गेम स्वतःच्या पैशाने घेतलेले होते, तरी त्या सर्व्हरवर चालेनात. कारण दोन कंपन्यांचं जमलं नाही. ग्राहकाला कोणी विचारलंही नाही.

तुम्ही सध्या एवढंच करा, नवीन मशीन घेताना ड्राइव्हवालंच घ्या, आणि ज्या गेमला दोन-चार जण एका मशिनवर बिननेटचं खेळू शकतात त्यांच्या डिस्क जमवत राहा, फुटबॉल, कुस्ती, टेकन. पीएस४ विकू नका, भंगारात तर नाहीच नाही. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमच्या सेकंडहँड डिस्क कोणी स्वस्तात देतोय म्हणून उचलू नका, तो का देतोय ते आधी बघा.

सरकारने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमवर बंदी आणली ना? मग हे क्लाउडवाले कसे चालू आहेत? मुलगा म्हणतो हे वेगळं आहे, पण तो काय, काहीही सांगतो.
— एक आई, डोंबिवली

यावेळी मुलगा खरं सांगतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, रमी, फँटसी टीम, ज्यात पैसे टाकायचे आणि जिंकले तर पैसे मिळायचे. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे गेम त्यात बंद नाहीत. क्लाउड गेमिंग म्हणजे गेम कुठल्या मशिनवर चालतो एवढाच फरक. तुमचं कार्ड मात्र त्या अकाउंटला सेव्ह करून ठेवू नका, गेमच्या आत कपडे, बंदुका, पॉइंट विकायला ठेवलेले असतात आणि पोरांना त्याचा हिशोब नसतो.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्ही जात-येत असतात. कन्सोल बरा की क्लाउड?
— एक वाचक, म्हापसा

लाइट गेली की दोन्ही बंद, त्यात काही विशेष नाही. लाइट आहे आणि नेट गेलंय, हे जास्त वेळा होतं, आणि तिथे कन्सोल जिंकतो, डिस्क टाका आणि खेळा. फक्त नवा गेम आणल्या आणल्या, नेट असतानाच, एकदा चालू करून त्याचे अपडेट उतरवून घ्या, हल्ली बऱ्याचदा डिस्कवरचा गेम अर्धवट असतो आणि बाकीचा ५०-६० जीबीचा डोंगर मागून येतो. डिजिटल गेम घेत असाल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन खेळायची सोय आहे ती चालू करून ठेवा, नाहीतर नेट नसताना तो लायसन्स तपासायला जातो आणि कुलूप दाखवतो. उलट इन्व्हर्टर असेल, आणि फायबरच्या डब्याला व राउटरला छोटा यूपीएस लावला असेल, तर लाइट गेल्यावर लॅपटॉपवर क्लाउड चालू शकतं, केबलवाल्याकडचं मशीन चालू असेपर्यंत. कन्सोलला मात्र यूपीएस लावाच, गेम सेव्ह होत असताना लाइट गेली तर फाइल बिघडू शकते, आणि जोराची वीज चमकायला लागली की सरळ प्लग काढून ठेवा, अँटेनाच्या जमान्यात काढायचो तसा.